परदेशातलं युद्धस्मारक आपल्या गावात कसं सांगायचं?

इटलीत पेरुजा भागात माँटोने नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे २०२३ च्या जुलैमध्ये एका मराठी सैनिकाच्या नावाने स्मारक उभं राहिलं. नाईक यशवंत घाडगे हे ते सैनिक. स्मारक सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. मित्रांनो, हे आपल्या आदिलाबादकडच्या एखाद्या गावात, पारावर बसलेल्या मंडळींना सांगायचं झालं तर कसं सांगाल?

आधी माहिती पक्की करू. घाडगे हे रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय फक्त २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. इटलीत ५० हजारांहून जास्त भारतीय सैनिक लढले, त्यातले ५,७८२ मेले.

आता खरी अडचण. हा प्रसंग मराठीत लिहायला बसले आणि मी ‘शत्रू’ या शब्दापाशीच थांबले. कोणाचा शत्रू? माँटोनेच्या लोकांसाठी उत्तर सोपं आहे, कारण जर्मन सैन्य त्यांच्याच गावात होतं. पण त्याच जुलैमध्ये नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांचे कैदी होते. घाडगे लढले ते त्याच इंग्रजांच्या फौजेत.

आपल्या भागात हा प्रश्न आणखी टोचतो. १९४० मध्ये इथल्याच जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ऐकत वाढलेला गोंड श्रोता विचारणारच, की तुमचा माणूस कोणासाठी मेला?

मला वाटतं, हा प्रश्न टाळू नये. नुसतं ‘शूर वीर’ म्हणून मोकळं झालं की माणूस हरवतो आणि पुतळा उरतो. उलट ‘इंग्रजांचा शिपाई’ म्हणून झटकलं, तर बाविसाव्या वर्षी गेलेला पोरगा आणि मागे राहिलेली त्याची बायको दोघंही पुसली जातात. दोन्ही गोष्टी सांगायच्या, आणि श्रोत्याला ठरवू द्यायचं.

मंडळाच्या सभासदांसाठी एक काम सुचवते. दहा वाक्यांत हा प्रसंग लिहा, आपल्या घरच्या बोलीत. तीन नियम पाळा: गाव आणि तारीख सांगा, ‘शत्रू’ऐवजी ‘जर्मन’ म्हणा, आणि फौज कोणाची होती ते लपवू नका. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचून दाखवा. ते जो पहिला प्रश्न विचारतील, तो अकरावं वाक्य म्हणून लिहून आणा.