ध्वनीचे वहन आणि वेग : वरच्या वर्गांसाठी काही प्रयोग

ध्वनी हवेपेक्षा लोखंडातून फार वेगाने जातो, हे शिकविताना आगगाडीच्या रुळाला कान लावण्याचा दाखला बहुतेक शिक्षक देतात. पेण व रोहा तालुक्यांत या दाखल्याबाबत विशेष सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. पनवेल-रोहा मार्ग पेणवरून जातो आणि रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ साली तिचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रुळांच्या लगत वस्ती असलेली गावे थोडी नाहीत. दाखला सांगितला की मुले तो करून पाहू इच्छितात, आणि हा त्यांचा दोष नव्हे, गुणच आहे. परंतु आता या मार्गावर विजेची इंजिने धावतात. त्यांचा आवाज डिझेल इंजिनांच्या मानाने कमी, आणि वळणावर गाडी दिसते ती अगदी जवळ आल्यावर. म्हणून हा दाखला द्यावयाचाच तर रुळाजवळ कदापि जाऊ नये, हे त्याच वेळी बजावावे. त्याच्या जागी वर्गातच प्रयोग करून दाखविला तर अधिक बरे.

त्यासाठी सहा-सात हात लांबीचा वाळलेला बांबू पुरे. एका टोकाला टिकटिक करणारे घड्याळ टेकवावे व दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याने कान लावावा. हवेतून ऐकू न येणारी टिकटिक बांबूतून स्पष्ट ऐकू येते. घड्याळ नसल्यास टाचणीने टोक हळूच खरवडावे. मात्र या प्रयोगाने घन पदार्थ ध्वनी चांगला वाहून नेतो एवढेच सिद्ध होते. वेग सिद्ध होत नाही. पुष्कळ पाठांत या दोन गोष्टींची गल्लत होते.

वेगाचा पुरावा १८०८ साली पॅरिस येथे बियो या शास्त्रज्ञाने दिला. जवळजवळ एक किलोमीटर लांबीच्या लोखंडी नळाच्या एका टोकाशी आघात केला असता दुसऱ्या टोकाशी दोन आवाज ऐकू आले : आधी लोखंडातून आलेला, आणि सुमारे अडीच सेकंदांनी नळातील हवेतून आलेला. पोलादातून ध्वनी सेकंदाला ५,००० मीटरांहून अधिक, पाण्यातून सुमारे १,५०० मीटर, तर हवेतून सुमारे ३४० मीटर जातो. जेथे कोणतेच माध्यम नाही अशा निर्वात पोकळीतून तो जातच नाही.

येथे एक चूक वारंवार आढळते. "पदार्थ जितका घन, तितका ध्वनीचा वेग अधिक," असे फळ्यावर लिहिले जाते. हे खरे नाही. शिसे लोखंडाहून जड आहे. तरी शिशातील ध्वनीचा वेग लोखंडातील वेगाच्या निम्म्याहूनही कमी आहे. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, पण ध्वनी त्यातून पाण्यापेक्षा वेगाने जात नाही. कण दाबले असता किती जोराने पूर्वस्थितीला येतात, म्हणजे पदार्थाची स्थितिस्थापकता किती, यावर वेग वाढतो. नुसत्या जडपणाने तो उलट घटतो. लोखंडात स्थितिस्थापकता इतकी मोठी आहे की ती जडपणावर मात करते.

धरमतर खाडीकाठच्या शाळांत पाण्याचा विषय सोपा जातो. यांत्रिक मासेमारी नौकांवर खोली दाखविणारे यंत्र असते, ते कोळ्यांच्या मुलांनी पाहिलेले असते. यंत्र खाली ध्वनी सोडते व तळावरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. तो एका सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यात परतला, तर ध्वनीने ६० मीटर प्रवास केला व खोली ३० मीटर झाली. हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्यावे.

हवेतील वेग मात्र मुलांना स्वतः मोजता येतो. भातकापणी झाल्यावर खाचरे मोकळी होतात, तो काळ यास उत्तम. दोऱ्याला दगड बांधून, गाठीपासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक करावा. त्याच्या प्रत्येक टोकाच्या हेलकाव्याला, म्हणजे सेकंदाला दोनदा, एका विद्यार्थ्याने थाळीवर काठी मारीत राहावे. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहत बांधाबांधाने दूर जावे. प्रथम आघात आणि आवाज एकदम जाणवतात. मग आवाज मागे पडू लागतो. सुमारे ८५ मीटरांवर तो दोन आघातांच्या बरोबर मध्ये येतो. आणि १७० मीटरांच्या आसपास आघात व आवाज पुन्हा जुळतात. येथे ऐकू येतो तो आधीच्या आघाताचा आवाज. अर्ध्या सेकंदात ध्वनी एवढे अंतर चालून आला, म्हणून दुप्पट केले की वेग मिळाला. पटण्यासाठी थाळी थांबवावयास सांगावे : शेवटचा आघात दिसल्यावरही एक आवाज जास्त ऐकू येतो. मुलांना याचे फार नवल वाटते.

अंतर दोरीने मोजावे. पावलांचा हिशेब फसतो. वारा असेल तर प्रयोग दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्यावी. उत्तर ३३० ते ३६० मीटरांत आले तर उत्तम समजावे. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे सकाळचे व दुपारचे उत्तर किंचित वेगळे येणे योग्यच आहे; तथापि एवढा सूक्ष्म फरक दोरी-लंबकाने हाती लागेल असे मुलांना सांगू नये.

हेच गणित वळवाच्या दिवसांत शाळेला उपयोगी पडते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांस तीनने भागावे; आलेला आकडा म्हणजे विजेचे किलोमीटरमधील अंतर. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर मुलांना मैदानातून व झाडाखालून पक्क्या इमारतीत आणावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास होईतो बाहेर सोडू नये.