परदेशी वॉर्डातले पहिले सहा महिने

नांदेडहून आलेले एक वडील माझ्यासमोर बसले होते. त्यांची लेक हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयात तीन वर्षं आयसीयूत काम करून जर्मनीला गेली होती. महिनाभरातच ती फोनवर रडली, “बाबा, इथं मला पेशंटला आंघोळ घालायला लावतात. आयाचं काम करायला आणलंय मला.” वडिलांनी मला सरळ विचारलं, “सर, आम्ही फसलो का?”

ते फसले नव्हते. मात्र तिकडचं काम कसं असतं, हे निघण्याआधी त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. भाषा, व्हिसा, पगार यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते, वॉर्डातल्या कामाबद्दल कुणी बोलत नाही. नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी ते आधी समजून घ्यावं, एवढ्यासाठी हा लेख.

कामाची वाटणी वेगळी असते

आपल्याकडे पेशंटजवळ घरचं कुणीतरी असतंच. पाणी पाजणं, तोंड पुसणं, कूस बदलायला मदत करणं ही कामं ते करतात. उरलेलं मावशी आणि वॉर्डबॉय बघतात. स्टाफ नर्सकडे इंजेक्शनं, सलाइन, औषधं, डॉक्टरांचा राउंड आणि रजिस्टरं येतात. तिचा हात त्याच कामात तयार होतो. कुणाला न सापडणारी शीर पहिल्या फटक्यात सापडली, की तिला स्वतःचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे.

जर्मन रुग्णालयात नातेवाईक भेटायला येतात आणि निघून जातात. त्यामुळे आंघोळ, जेवण, उठवून चालवणं हा सगळा नर्सच्याच कामाचा भाग असतो. सलाइनची सुई मात्र बऱ्याच ठिकाणी डॉक्टर लावतात. म्हणजे जे तिला उत्तम येत होतं ते हातातून जातं आणि जे कधीच मागे पडलं होतं ते समोर येतं. रडू येतं ते यामुळे.

या आंघोळीकडे जरा जवळून पाहू. पेशंटला कुशीवर वळवल्यावर नर्स माकडहाडाजवळची त्वचा बघते. लाल दिसलेल्या जागी बोट दाबते. बोट काढल्यावर ती जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोअरची सुरुवात. पायाला बोटाचा खड्डा राहतो का, एवढ्याशा हालचालीने धाप लागते का, कालच्यापेक्षा आज माणूस गोंधळलेला आहे का, हे सगळं त्या वीस मिनिटांत कळतं आणि लिहून ठेवलं जातं. ही तपासणीच आहे. आपल्या मुली पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला स्पंज बाथ आणि बॅक केअर शिकतात, ते हेच काम.

त्या मुलीच्या रडण्यामागे आणखी एक कारण होतं. जर्मनीत आपली पदवी मान्य होईपर्यंत सहायक म्हणून काम करावं लागतं. तिथलं कार्यालय आपला अभ्यासक्रम पडताळून काय कमी पडतं ते लेखी कळवतं. मग अनुकूलन प्रशिक्षण पूर्ण करायचं किंवा परीक्षा द्यायची आणि जर्मन भाषेची बी-2 पातळी गाठायची. हा टप्पा ठाऊक असला की माणूस दिवस मोजून तो पार करतो. ठाऊक नसला तर तोच काळ अपमानाचा वाटतो.

ब्रिटनचा वॉर्ड

ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी आधी संगणकावरची परीक्षा आणि तिथे पोहोचल्यावर दहा स्टेशनांची ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा असते. त्यात हात किती सफाईने चालतो एवढंच बघत नाहीत. पेशंटला स्वतःचं नाव सांगितलं का, त्याचं नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घेतली का, हात लावण्याआधी परवानगी मागितली का, हेही पाहतात.

पेशंटची प्रकृती किती बिघडली आहे हे गुणांनी मोजणाऱ्या तिथल्या ‘न्यूज-2’ तक्त्याचं एक उदाहरण देतो. श्वासाचा वेग मिनिटाला 24 असेल तर 2 गुण, 25 झाला की 3. एकाच नोंदीला 3 गुण पडले, तर पेशंटला तातडीने तपासायला बोलवावं लागतं. म्हणून श्वास मोजायचा तो घड्याळ लावून, पूर्ण मिनिटभर. अंदाजाने 20 लिहायची सवय असेल, तर ती इथेच सोडा.

पेशंट हाताने उचलायचा नसतो. त्यासाठी होइस्ट म्हणजे उचलायचं यंत्र आणि स्लाइड शीट म्हणजे सरकवायची चादर असते. आणि ‘सिस्टर’ ही हाक आपण सगळ्याच नर्सना मारतो, पण तिकडे सिस्टर म्हणजे वॉर्डची प्रमुख. नव्या नर्सला सगळे नावाने हाक मारतात आणि बऱ्याच डॉक्टरांनाही नावानेच हाक मारली जाते.

सगळ्यात अवघड जाते ती बोलण्याची सवय. “मला हे मशीन येत नाही, दाखवाल का?” असं विचारणं आपल्याकडे कमीपणाचं वाटतं. तिकडे न विचारता केलेली चूक जास्त महागात पडते. औषधाचा डोस शंकास्पद वाटला, तर तो देण्याआधी डॉक्टरांना थांबवून विचारणं हे नर्सचं कर्तव्यच मानतात.

हैदराबादेत राहून करायची तयारी

• शेवटच्या वर्षातच भाषा सुरू करा. हैदराबादला गोएथे-झेंट्रम आहे. तेलंगणातल्या उमेदवारांसाठी राज्य शासनाची टॉमकॉम ही कंपनी मल्लेपल्लीच्या आयटीआय आवारातून काम करते. जर्मनी आणि जपानसाठी ती प्रशिक्षणासह भरती करते. महाराष्ट्रानेही फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे.

• आजच्या वॉर्डात रोज एका पेशंटचं सगळं काम स्वतः करा, अगदी आंघोळीपासून. रोज एक हँडओव्हर इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये मोठ्याने बोलून बघा.

• करारावरचं पद नीट वाचा. जपानमधलं ‘काइगो’ हे वृद्धांच्या देखभालीचं काम आहे, नोंदणीकृत नर्सचं नव्हे. केअर वर्करच्या नोकरीला नर्सची नोकरी समजू नका. ब्रिटनने तर 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणं थांबवलं आहे.

• एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तपासा. त्याला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आखाती देशांसह ठरावीक 18 देशांत जाणाऱ्या नर्सला शासनाची उत्प्रवास मंजुरी लागते, मग पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असो. “व्हिजिट व्हिसावर चला, पुढचं बघू” असं कुणी म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

आईवडिलांसाठी

पहिले सहा महिने जड जातात. भाषा कानावर पडते पण उमजत नाही, हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडू लागतो, आणि घरी जिचं कौतुक होतं ती तिकडे शिकाऊ ठरते. अशा वेळी “परत ये” आणि “कर्ज काढून पाठवलंय, रडू नकोस” ही दोन्ही वाक्यं तिला एकटं पाडतात. पगार थकतोय का, पासपोर्ट कुणी काढून घेतलाय का, करारात नसलेलं काम देताहेत का, एवढं आधी शांतपणे विचारा. यातलं काही असेल तर लगेच भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. नसेल, तर ही नव्या रीतीची सवय होण्याची वेळ आहे आणि ती जाते.

नांदेडच्या त्या वडिलांना मी एवढंच सुचवलं: आज रात्री फोन आला, की “जेवलीस का?” याच्या जोडीला आणखी एक विचारा, “आज ज्या आजींना आंघोळ घातलीस, त्यांच्या पाठीवर काय दिसलं?” ती उत्तर देईल ते आयाचं नसेल. ते नर्सचं उत्तर असेल, आणि तिचं तिलाही ते ऐकू येईल.