दगडातले तेल

खनिज तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले असते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते खडकांच्या बारीक छिद्रांत असते. खडक बदलला की तेल साठण्याची आणि ते बाहेर येण्याची रीतही बदलते. ही गोष्ट या पाठात मुंबईजवळच्या समुद्रातील तेलक्षेत्राच्या उदाहरणाने सांगितली आहे.

सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी पडतो. म्हणून शेतकरी विहीर खणतो किंवा बोअर घेतो. एका शेतात दोनशे फुटांवर पाणी लागते, तर बांधापलीकडच्या शेतात चारशे फूट खाली गेले तरी नुसती धूळ उडते. कर्ज काढून घेतलेली बोअर कोरडी गेली की घरातल्या सर्वांच्या तोंडचे पाणी पळते. लोक नशिबाला दोष देतात; पण यात खडकाचा भाग मोठा असतो. घट्ट काळ्या पाषाणात पाणी शिरत नाही. खडकाला भेगा असतील, छिद्रे असतील किंवा तो झिजून त्याचा मुरूम झाला असेल, तरच त्यात पाणी साठते.

मित्रांनो, जे पाण्याचे तेच तेलाचे!

नद्या आपल्याबरोबर वाळू, माती आणि गाळ वाहून नेतात. तो समुद्राच्या तळाशी थरावर थर साचतो. वरच्या थरांच्या दाबाने खालचा गाळ घट्ट होतो आणि लाखो वर्षांनी त्याचा खडक बनतो. त्याला गाळाचा किंवा स्तरित खडक म्हणतात. उर्दूत त्यालाच 'रुसूबी चट्टान' असे नाव आहे. या गाळात समुद्रातील सूक्ष्म जीवांचे अवशेषही गाडले जातात. खोलवरची उष्णता आणि दाब यांमुळे त्या अवशेषांपासून तेल व वायू तयार होतात. तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते खडकाच्या छिद्रांतून वर सरकू लागते. वाटेत अभेद्य खडकाचे झाकण आले, की ते त्याखाली अडकते. अशा ठिकाणी तेलाचा साठा होतो.

सर्व गाळाचे खडक सारखेच असतात का? एक साधा प्रयोग करून पहा. एक पेला गोट्यांनी भरा आणि त्यात पाणी ओता. गोट्यांमधल्या पोकळीत बरेच पाणी मावेल. आता ते पाणी काढून टाका, गोट्यांमध्ये कोरडी वाळू भरा आणि पुन्हा पाणी ओता. या वेळी पाणी खूपच कमी मावेल. खडकाचेही असेच आहे. सारख्या आकाराच्या वाळूच्या कणांपासून बनलेल्या वालुकाश्मात पोकळी जास्त असते. मोठ्या कणांत बारीक कण आणि माती मिसळली, की पोकळी भरून जाते.

नुसती पोकळी असूनही भागत नाही. घरात खोल्या पुष्कळ आहेत, पण एकीतून दुसरीत जायला दारेच नाहीत, असे झाले तर? खडकाची छिद्रे एकमेकांना जोडलेली नसतील, तर आतले तेल विहिरीपर्यंत येणार कसे? छिद्रे किती आहेत, याला सच्छिद्रता म्हणतात. त्यांतून द्रव किती सहज वाहतो, याला पार्यता म्हणतात. चिकणमातीपासून बनलेल्या शेल खडकात छिद्रे अतिशय बारीक असतात. त्यांतून तेल सहजासहजी जात नाही. म्हणून शेल हे तेलसाठ्याचे उत्तम झाकण ठरते. आसाममधील दिग्बोई आणि गुजरातमधील अंकलेश्वर येथे तेल मिळाले ते वालुकाश्मात.

मग सोलापूरला तेल का नाही? आपल्या पायाखालचा काळा खडक समुद्रातील गाळाचा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तो बनला. लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे १९९३ साली मोठा भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे खोल छिद्र घेतले. लाव्हाचा खडक सुमारे ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली गाळाचा थर होता अवघा ८ मीटरांचा, आणि त्याच्या खाली अतिप्राचीन कठीण खडक! एवढ्याशा गाळात तेलाची आशा कशी धरावी?

पण हाच काळा खडक पश्चिमेकडे अरबी समुद्राच्या तळाखालीही गेला आहे. तेथे मात्र त्याच्यावर गाळाचे जाड थर साचले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, समुद्राखाली जुन्या खडकांचा एक मोठा उंचवटा आहे. त्यावर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात चुनखडक तयार झाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने तेथे विहीर खोदली आणि तेल लागले. हेच 'मुंबई हाय' तेलक्षेत्र. २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. समुद्रतळावरून टाकलेल्या नळांनी हे तेल उरणला येऊ लागले.

मुंबई हायचा चुनखडक मोठा लहरी आहे. समुद्र मागे हटला तेव्हा पावसाच्या पाण्याने तो काही ठिकाणी विरघळला आणि तेथे भरपूर छिद्रे पडली. काही ठिकाणी तो घट्टच राहिला. शिवाय त्याच्या थरांमध्ये शेलचे पातळ पट्टे आहेत. त्यामुळे एक विहीर भरभरून तेल देते, तर दुसरी लवकर थकते.

सुरुवातीला खडकातील नैसर्गिक दाबानेच तेल वर येते. पुढे दाब कमी होतो. तो टिकवण्यासाठी खडकात समुद्राचे पाणी भरतात. हे पाणी तेलाला विहिरीकडे ढकलते. पण पाणी नेहमी सोपी वाट धरते. मोकळ्या थरातून ते वेगाने धावते आणि विहिरीतून तेलाऐवजी पाणीच जास्त येऊ लागते. घट्ट थरांतील तेल मात्र जागच्या जागी राहते. जगातील तेलक्षेत्रांतून सरासरीने सुमारे एक तृतीयांश तेलच बाहेर निघते; बाकीचे खडकातच राहून जाते.

१९८०च्या दशकात मुंबई हायचे उत्पादन शिखरावर होते. नंतर ते घटू लागले. पण तंत्रज्ञांनी हात टेकले नाहीत. २००० सालानंतर तेथे पुनर्विकासाची मोठी योजना हाती घेण्यात आली. खडकाचे नवे नकाशे तयार झाले. सरळ खाली जाणाऱ्या विहिरींबरोबर थरातून आडव्या जाणाऱ्या विहिरी खोदल्या गेल्या. आडवी विहीर तेलाच्या थरातून लांबवर जाते, म्हणून मागे राहिलेले तेल तिच्या हाती लागते. २०२५ साली उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घेण्याचे ठरले.

एवढी खटपट कशासाठी? भारत आपल्या गरजेच्या पाच भागांपैकी चार भागांहून अधिक खनिज तेल परदेशांतून विकत घेतो. खडकातून काढलेले प्रत्येक जादा पिंप देशाचा पैसा वाचवते. म्हणून तेलाच्या शोधात यंत्राइतकेच महत्त्व खडकाच्या अभ्यासाला आहे. आणि हे आपल्या शेतातल्या बोअरलाही लागू पडते. खर्च करण्याआधी भूजलाच्या जाणकाराला जमीन दाखवावी. आधी खडक ओळखावा, मग खोदावे.

शब्दार्थ
अवशेष – मागे उरलेला भाग
अभेद्य – ज्यातून आरपार जाता येत नाही असा
वालुकाश्म – वाळूपासून बनलेला खडक
सच्छिद्र – छिद्रे असलेला (उर्दू : मसामदार)
लहरी – एकसारखा नसलेला, मनमानी

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबई हाय येथे तेल कोणत्या साली सापडले?
(आ) तेलसाठ्याचे झाकण म्हणून कोणता खडक उपयोगी पडतो?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) सोलापूरच्या काळ्या खडकात तेल सापडत नाही.
(आ) खडकात पाणी भरले तरी सर्व तेल बाहेर येत नाही.
प्र. ३. वाक्यात उपयोग करा : तोंडचे पाणी पळणे, हात टेकणे.
उपक्रम : वीट, खडू आणि काळा दगड यांवर पाण्याचे थेंब टाका. काय दिसते ते पाच ओळींत लिहा.