लिंक कुणाच्या फोनवरून जाते

तुझी वेबसाइट पाहिली. रंग छान आहेत, फोटो मोठे आहेत, फक्त तुझा फोन नंबर शोधायला मला पार तळापर्यंत जावं लागलं. तो आधी वर घे. बाकीचं आता निवांत सांगते. डबे, भांडी, मग सौंदर्यप्रसाधनं असं करत घरोघरच्या पार्ट्या लावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कॉम्प्युटर हातात उशिरा आला, पण चारचौघी जमल्या की त्यातली कोण घेणार आणि कोण नुसती हाताळून ठेवणार, हे मला कधीपासूनच कळत होतं. तुझ्या वेबसाइटला कोडिंगपेक्षा तेच जास्त लागणार आहे.

हा धंदा घरात का शिरला ते ठाऊक आहे ना? अमेरिकेत अर्ल टपर यांनी हवाबंद प्लॅस्टिकचे डबे काढले, पण दुकानात ते पडून राहायला लागले. झाकण कसं दाबायचं, त्यातली हवा कशी बाहेर काढायची, हे कुणी दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला उमगत नव्हतं. ब्राउनी वाइझ आणि त्यांच्यासारख्या विक्रेत्यांनी तेच डबे बायकांच्या बैठकीत करून दाखवले आणि ते भराभर खपले. १९५१ मध्ये कंपनीने दुकानांतून माल काढून घेतला आणि सगळा भर पार्ट्यांवर टाकला. १९५४ मध्ये ब्राउनी वाइझ ‘बिझनेस वीक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या. त्या मुखपृष्ठावर आलेल्या त्या पहिल्या बाई. आपल्याकडे टपरवेअर १९९६ मध्ये आलं, आणि इथल्या बायकांना त्यात नवं काही वाटलंच नाही. भिशी होती, हळदीकुंकू होतं, महिला मंडळ होतं. बसायची सवय आधीपासूनच होती, फक्त मध्ये डबे मांडायचे होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की वेबसाइटने विकावं अशी अपेक्षा धरू नकोस. हात लावून पाहणं, शेजारणीचं ‘माझ्याकडे आहे, चांगला आहे गं’ ऐकणं, ते दिवाणखान्यातच होणार. पार्टीच्या आधी ओळख करून देणं आणि पार्टी संपल्यावर ती टिकवून धरणं, एवढं वेबसाइटने केलं तरी पुष्कळ झालं. आणि तिची जाहिरातही घरातूनच होते. फेसबुकवर पैसे भरून नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतच्या लोकांना ती दाखवून काय करशील? डेमोला तू ठाण्याच्या पलीकडे जाणार आहेस का?

आता लिंकचं. सगळ्या मुली इथेच घाई करतात. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकतात, खाली दोन नमस्कार आणि तीन फुलं, आणि मग कुणी उघडत नाही म्हणून हिरमुसतात. ती लिंक तुझ्या फोनवरून गेली म्हणजे जाहिरात. तीच होस्टेसच्या, म्हणजे जिच्या घरी पार्टी आहे तिच्या फोनवरून तिच्या नणंदेला, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला गेली, की ते आमंत्रण. पार्टी ठरली की होस्टेसला एक मजकूर तयार करून दे, पण तिच्या बोलीत: ‘शनिवारी चारला ये, चहा घेऊ, डबे बघू, घेतलंच पाहिजे असं काही नाही. काय काय आहे ते इथे दिसेल.’ खाली लिंक. तो मजकूर तिला हवा तसा बदलू दे. छापील पत्रिकेसारखा वाटला तर ती पाठवणार नाही, आणि पाठवला तरी कुणी वाचणार नाही.

प्रत्येक पार्टीसाठी वेबसाइटवर एक छोटं पान कर. जिला यायला जमलं नाही, तिने तिथून बघून चार-पाच दिवसांत ऑर्डर द्यावी, आणि ती ऑर्डर होस्टेसच्या भेटवस्तूच्या हिशेबात धरली जावी. मग बघ होस्टेस स्वतः किती जणींना लिंक पाठवते. त्या पानावर तिचं फक्त पहिलं नाव आणि तारीख घाल. पत्ता, बिल्डिंग, आडनाव काही नको. ते तिचं ती फोनवर सांगेल. आणि मुदत संपली की पान काढून टाक. शिळं आमंत्रण लोंबकळत राहिलेलं बरं दिसत नाही.

लिंक पाठवण्याआधी ती स्वतःला पाठवून बघ. व्हॉट्सअॅपवर लिंकबरोबर एक छोटं चित्र आणि दोन ओळी दिसतात. तिथे इंग्रजीत ‘होम’ असं येत असेल किंवा कंपनीचा कोरा लोगो, तर कोण बोट लावणार? तिथे तुझा डबा मांडलेला फोटो आणि मराठीत एक वाक्य आलं पाहिजे. आणि पान मोबाइलवर उघडायला वेळ लागला तर बाई परत जाते. फोटो लहान करून चढव. तुझ्या लॅपटॉपवर ते झकास दिसतं, हे मला माहीत आहे. बघणारी मात्र लोकलच्या लेडीज डब्यात उभी असते.

व्हॉट्सअॅपच्याच ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल एक गोष्ट पुष्कळ जणींना माहीतच नसते. एका यादीत २५६ जणी घालता येतात, पण जिने तुझा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे तिलाच तो संदेश पोचतो. तेव्हा पार्टीत ऑर्डर लिहून घेताना हळूच म्हण, ‘माझा नंबर सेव्ह करून ठेवा, माल आला की कळवते.’ समोर बसून करून घे. उठून गेल्यावर कुणी करत नाही. आणि कुणी ‘मला मेसेज नको’ म्हणाली, तर त्याच दिवशी तिला यादीतून काढ. शिवाय लोकांची नावं, नंबर कसे गोळा करायचे आणि वापरायचे यावर २०२३ मध्ये देशात कायदा झाला आहे, हे ध्यानात ठेव.

आता मला सगळ्यात आवडतं ते पान सांगते. झाकणांचं पान. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या डब्याचं झाकण तडकतं, कामवालीकडून गॅसवर वितळतं, नाहीतर मुलगा शाळेत हरवून येतो. तेव्हा बाईला तू आठवतेस, पण तुझं कार्ड सापडत नाही. अशा वेळी तिला वेबसाइटवर काय मिळतं? नवीन मालाचे फोटो! त्याऐवजी एक साधं पान हवं: झाकण बदलून मिळतं का, कंपनीच्या हमीत काय बसतं आणि काय बसत नाही, फोटो कसा काढून पाठवायचा, डब्याच्या तळावरचा नंबर कुठे बघायचा, हळदीचा डाग कसा घालवायचा, कुठला डबा मायक्रोवेव्हमध्ये चालतो आणि कुठला अजिबात नाही. हमीत बसत नसेल तर तसं स्पष्ट लिही. हे पान वाचायला आलेली बाई काही विकत घ्यायला आलेली नसते, आणि म्हणूनच ती तुझ्यावर विश्वास ठेवते. झाकणासाठी फोन करणाऱ्या बायकांनीच पुढच्या पार्ट्या लावल्या, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

या पानाचा पत्ता बिलावर आणि पिशवीत टाकायच्या छोट्या कार्डावर दे. क्यूआर कोड छापशील तेव्हा साधा, थेट तुझ्या वेबसाइटचा पत्ता असलेला छाप. ‘डायनॅमिक’ म्हणून काही ठिकाणी फुकट कोड देतात आणि मुदत संपली की पैसे मागतात. तोवर तुझी पाचशे कार्डं घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडलेली असतात.

दुसरं पान होस्टेससाठी. तिथे भेटवस्तूंची यादी आधी देऊ नकोस. तिच्या मनातली भीती आधी काढ. किती वेळ लागेल? किती जणी बोलवायच्या? नवरा घरी असला तर? खायला काय करायचं? कुणी काहीच घेतलं नाही तर माझी नाचक्की होईल का? याची सरळ उत्तरं लिही. आठ-दहा जणी पुरेत, तास-दीड तास, चहा आणि बिस्किटं. मुद्दाम लिही की चहा-बिस्किटंच. एकीने बटाटेवडे केले की दुसरीला ढोकळा आणि तिसरीला पुलाव करावा लागतो, आणि चौथी पार्टीच लावत नाही. वडे केलेत म्हणून मागणी वाढल्याचं मी कधी पाहिलं नाही.

हंगाम कधी लागतो ते तुला सांगायला नको, पण वेबसाइट हंगामाच्या आधी जागी करावी लागते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं वाण लागतं, एकेक बाई पंचवीस-तीस नग घेते. पण ती ठरवते डिसेंबरात, आणि गूगलला नवीन पान सापडून वर आणायला वेळ लागतो. वाणाचं पान दसऱ्यालाच लिहून ठेव. त्यात ‘हळदीकुंकवासाठी वाण’ आणि तुझ्या गावाचं नाव शीर्षकातच हवं, आणि कुठे तरी इंग्रजी अक्षरात लोक टाइप करतात तसंही असू दे, कारण मराठी बाई मोबाइलवर दोन्ही तऱ्हांनी शोधते. किमतीप्रमाणे मांड: शंभरच्या आत, दीडशेच्या आत. वाण निवडताना किंमतच आधी बघतात, सौंदर्य नंतर. मग चैत्रातलं हळदीकुंकू, जूनमध्ये शाळेचे डबे-बाटल्या, श्रावणात मंगळागौर, दिवाळीचा फराळ ठेवायचे डबे. वर्षभर एवढी पानं पुरेत. रोज काहीतरी लिहीत बसायची गरज नाही, स्वयंपाक कोण करणार?

आता थोडं कडू. कंपनी तुला तिच्या वेबसाइटवर एक तयार पान देते, ते घे, ऑर्डर आणि पैसे तिथूनच जाऊ देत. पण नाव तुझं स्वतःचं घेऊन ठेव, .इनचं किंवा .कॉमचं, आणि ते तुझ्याच ईमेलवर, तुझ्याच पैशाने. वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या नावावर नाही. पहिल्या वर्षी स्वस्त देतात, दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचार. त्या नावात कंपनीचा ब्रँड घालू नकोस, तो ट्रेडमार्क तिचा आहे. आणि कंपन्यांचं काय सांगावं! ज्या टपरवेअरने जगाला पार्टी शिकवली, तिने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला. उद्या तू डबे सोडून मसाले विकशील, तरी तुझ्या नावाचा पत्ता आणि तुझ्या बायका तुझ्याच राहिल्या पाहिजेत.

आता नियमांचं. आपला धंदा थेट विक्रीत मोडतो, आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम काढले. बसून एकदा वाच, फार मोठे नाहीत. ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ असल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. आपण कोण, कुठल्या कंपनीचा माल, किंमत किती, परत घेण्याच्या अटी काय, हे आधी सांगायचं. आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे कंपनीने मान्य न केलेलं साहित्य गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, कंपनी करत नाही असा दावा आपण करायचा नाही. वेबसाइटवरचा मजकूर त्यातच येतो असं धरून चाल; पान चढवण्याआधी कंपनीला दाखव आणि होकार लेखी घे. ‘हा डबा वापरला की अमुक रोग होत नाही’ असलं काही लिहिशील तर मीच फोन करून काढायला लावीन.

आणि ‘घरबसल्या लाखो कमवा’, गाडीचा फोटो, बँकॉकच्या सहलीचा फोटो, हे तुझ्या वेबसाइटवर नको. माणसं जोडून पैसा फिरवणाऱ्या योजनांवर आपल्याकडे १९७८ च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि असल्या योजनांत पैसे घालवलेलं एखादं घर प्रत्येक सोसायटीत असतंच. तसला फोटो दिसला की शहाणी बाई चहा पिऊन जाते आणि पुन्हा दार उघडत नाही. जिला खरंच हे काम करायचं असेल ती स्वतः विचारेल. तिला समोर बसवून खर्च आणि उत्पन्न दोन्ही वहीत दाखव.

फोटो विचारून टाक. पार्टीत नटून आलेल्या बायकांचे फोटो काढायचा मोह होतो, पण कुणाच्या सासूला ते इंटरनेटवर गेलेलं चालत नाही, कुणाच्या मागे घराचा पसारा दिसतो. हात आणि डबे एवढंच काढलंस तरी चालतं. मुलांचे चेहरे नकोतच. कुणी कौतुकाने काही बोलली तर तिचंच वाक्य, तिच्या परवानगीने, तिच्या शब्दांत टाक; तू सुधारून लिहिलंस की ते खोटं वाटतं.

महिनाअखेरीला किती जणांनी वेबसाइट पाहिली हे मोजत बसू नकोस. तो आकडा मैत्रिणींना सांगायला बरा असतो. फक्त एवढं लिहून ठेव, की नवीन होस्टेस झालेल्या प्रत्येक बाईला तुझं नाव कुणाकडून कळलं. ती ‘गूगलवर दिसलं’ म्हणाली तर छान, पण बहुतेक वेळा ती कुणातरी बाईचं नाव सांगेल, आणि पुढचा डबा त्या बाईला भेट द्यायचा.

या आठवड्यात वेबसाइटवर नवीन काही चढवू नकोस. आधी फोन नंबर वर घे, मग झाकणांचं पान लिहायला बस, आणि अडलं तर संध्याकाळी सहानंतर मला फोन कर.