हृदयशस्त्रक्रियेनंतरचे महाधमनी-विदारण : वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

हृदयाशी मूळ असलेल्या दहा धमन्यांचा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ३० व्या अध्यायात आला आहे. आधुनिक शारीरानुसार हृदयातून निघणारी मुख्य वाहिनी ती महाधमनी. तिच्या आतील स्तराला चीर पडून रक्त भित्तीत शिरते व खोटा मार्ग निर्माण होतो, यास महाधमनी-विदारण म्हणतात.

हेतू : बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेत महाधमनीला चिमटा लावतात, नळी घालतात, शीर जोडतात. ही स्थाने दुर्बल राहू शकतात. उच्च रक्तदाबाची जोड मिळाल्यास क्वचित काही वर्षांनंतरही तेथे विदारण होते.

चिकित्सा : जांघेतील धमनीतून आच्छादित स्टेंट नेऊन चीर झाकण्याचे अवरोही महाधमनीतील अनुभव १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. चीर झाकली की खोट्या मार्गातील रक्त गोठते व तो आकसू लागतो. आरोही भागात मात्र खाली हृदयपोषक धमन्यांची मुखे व वर मेंदूकडील शाखा असल्याने छाती उघडून केलेली शस्त्रक्रियाच मुख्य होय. पुन्हा छाती उघडणे धोक्याचे असलेल्या निवडक रुग्णांतच तेथे स्टेंटचा विचार होतो.

व्यवहार : वराळे, तळेगाव, लोणावळा परिसरात असा रुग्ण प्रथम आपल्याकडेच येण्याचा संभव असतो. छातीवर जुना व्रण आणि छातीत वा पाठीत अकस्मात, फाडल्यासारखी तीव्र वेदना असल्यास वातशूल समजून स्नेहन-स्वेदन करू नये. नाडी व रक्तदाब दोन्ही हातांचे पाहावेत. २० मिलिमीटर किंवा अधिक फरक संशय दृढ करतो, परंतु फरक नसल्याने धोका टळत नाही. परीक्षणात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. निदान सीटी अँजिओग्राफीने होते. आरोही विदारणात प्रत्येक तास मोलाचा असतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या निर्णयाने देऊ नये.

औषधविक्रेत्यांसाठी : स्टेंटनंतरही रक्तदाबाची औषधे व नियमित सीटी तपासणी चालूच ठेवावी लागते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, लवणभास्कर चूर्णात लवणाचे प्रमाण मोठे असते. सिप्रोफ्लॉक्सासिन वर्गाविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये महाधमनीच्या संदर्भात इशारा दिला आहे. म्हणून औषध देण्यापूर्वी ‘हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे काय?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.