खोगीर कधी उतरवावे?

तुम्ही रायगड जिल्ह्यातील माथेरानला गेला असाल, तर तेथील घोडे पाहिले असतील. दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारींना बंदी आहे. त्यामुळे अनेक प्रवासी घोड्यावर बसून गावात जातात. घोड्याच्या पाठीवर कितीतरी घरांची चूल पेटते. मग हा घोडा म्हातारा झाला, की त्याचे काम कधी थांबवायचे?

घोडा साधारणपणे २५ ते ३० वर्षे जगतो. त्याचे वय दातांवरून ओळखतात. पण नुसत्या वयावरून निर्णय घेता येत नाही. एखादा घोडा विसाव्या वर्षीही डौलात चालतो, तर एखादा पंधराव्या वर्षीच थकतो.

घोडा आपले दुखणे सांगत नाही, उलट लपवतो. कळपातल्या अशक्त जनावरालाच शिकारी प्राणी गाठतात, म्हणून ही सवय त्याच्या रक्तातच आहे. तेव्हा मालकाने बारकाईने पाहावे लागते. सकाळी तबेल्यातून निघताना त्याचे पाय आखडतात का? उतारावर तो अडखळतो का? खोगीर चढवताना कान मागे पाडतो का? (खोगिराला जीन असेही म्हणतात. जीन, लगाम, रिकीब हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचे वाटतील.) अर्धवट चघळलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून पडत असतील, तर दात झिजले असे समजावे. विश्रांती घेताना घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ वेळा पडते. फेरीनंतर बराच वेळ ती खाली येत नसेल, तर काम त्याला झेपत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. घोडा थांबला, की कमाई थांबते. वैरण मात्र रोज लागते. ‘एवढा हंगाम जाऊ दे,’ असे मालक म्हणतो. त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या घरचा खर्च कोण भागवणार? तरीही उतारावर घोडा पडला, तर स्वाराचाही जीव धोक्यात येतो. शिवाय वय किंवा आजार यांमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला राबवणे, हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

काम एकदम बंद करण्याची गरज नसते. आधी फेऱ्या कमी कराव्यात, चढ टाळावेत, पाठीवर हलके मूल तेवढे बसवावे. मग तेही थांबवावे. मात्र घोड्याला दिवसभर बांधून ठेवू नये. त्याने सांधे आणखी आखडतात. त्याला रोज थोडे मोकळे फिरवावे, खाणे पाण्यात भिजवून मऊ करून द्यावे आणि नाल काढले तरी वाढलेले खूर वेळच्या वेळी कापावेत.