घरखर्चातील किफायत आणि शेजाऱ्याचा वाटा

पवित्र कुरआनच्या सूरह अल-फुरकानमध्ये रहमानच्या खऱ्या दासांची लक्षणे सांगितली आहेत. ते जमिनीवर नम्रतेने चालतात, रात्री आपल्या पालनकर्त्यासमोर सजद्यात घालवतात, खोट्या साक्षीपासून दूर राहतात. याच मालिकेत ६७ व्या आयतीत आणखी एक लक्षण आले आहे : ते खर्च करतात तेव्हा उधळपट्टी करत नाहीत आणि हातही आखडता घेत नाहीत; या दोहोंच्या मध्ये संतुलन राखतात. रात्रीची नमाज आणि घरचा खर्च एकाच यादीत यावेत, हे विचार करण्यासारखे आहे. घरखर्चाची वही दीनच्या कक्षेबाहेर नाही, हाच त्याचा अर्थ होय.

सूरह बनी इस्राईलच्या २६ व्या आयतीत हा विषय अधिक स्पष्ट होतो. तेथे प्रथम नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे आणि लगेच उधळपट्टीची मनाई आहे. पुढील आयतीत उधळ्यांना शैतानाचे बंधू म्हटले आहे. हा क्रम लक्षात घेतला पाहिजे. जेथे पैसा व्यर्थ जातो तेथे कोणाचा तरी हक्क बुडत असतो. म्हणून किफायतीचा हेतू केवळ पेटी भरणे हा असू शकत नाही. ज्या घरात वायफळ खर्च थांबतो, त्या घरातून हक्कदारांचा वाटा बाहेर पडू लागतो.

प्रेषितांच्या काळातील घरे

प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करीत असत, असे विचारले असता हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात मदत करीत. अन्य एका कथनात आपली पादत्राणे दुरुस्त करणे आणि कपडे शिवणे यांचाही उल्लेख आहे. ‘सहीह मुस्लिम’मध्ये हजरत जाबिर (रजि.) यांचे कथन आहे की, एकदा प्रेषितांनी भाकरीसोबत खाण्यास काही कालवण मागितले. घरात सिरक्यावाचून काहीच नव्हते. त्यांनी तोच मागवला, खाल्ला आणि सिरका हे किती उत्तम कालवण आहे अशी प्रशंसाही केली. घरात जे आहे त्यात समाधान मानणे आणि ते घरच्यांना लाज न वाटू देता गोड करून घेणे, हे दोन्ही धडे या प्रसंगात आहेत.

हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांच्या संसारात आरंभी फार ओढाताण होती. त्या पीठ मळत, पाणी भरत, घोड्याची निगा राखत आणि दूरच्या शेतातून खजुराच्या बिया डोक्यावर वाहून आणत. आपण ज्या बिया टाकून देतो, त्या कुटून जनावराचा चारा होत असे.

सर्वांत बोलके उदाहरण हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) यांचे आहे. आपल्या पत्नींपैकी जिचा हात सर्वांत लांब आहे ती मला प्रथम येऊन मिळेल, असे प्रेषितांनी सांगितले होते. पत्नींनी आधी खरोखरच हात मोजून पाहिले. पुढे हजरत जैनब (रजि.) यांचे निधन प्रथम झाले, तेव्हा अर्थ उलगडला. त्या आपल्या हाताने काम करीत आणि त्यातून सदका देत. त्यांचा हात दानात लांब होता. हाताने वस्तू तयार करणे आणि त्यातून दुसऱ्याला देणे यांचा संबंध येथे दिसतो.

स्वयंपाकघरापासून आरंभ

आता आपल्या घरांकडे वळू. महिन्याच्या खर्चात लहान लहान तयार वस्तूंचा वाटा मोठा असतो. आले-लसणाची पाकिटे, बाटलीबंद सरबते, तयार मसाले, डब्यातील तूप या वस्तू एकेकट्या स्वस्त भासतात. रोज केवळ ३० रुपये वाचले तरी महिन्याला ९०० आणि वर्षाला सुमारे ११ हजार रुपये होतात.

आपल्याकडे याचे पर्याय जुनेच आहेत. कोकणातील घरांत उन्हाळ्यात रातांब्याच्या साली साखरेत मुरवून, बरणी उन्हात ठेवून कोकमाचे सरबत करून ठेवतात. नीट मुरलेले आणि कोरड्या बरणीत ठेवलेले हे सरबत पुढे रमजानच्या इफ्तारला उपयोगी पडते. शीरखुर्म्याच्या शेवया उन्हाळ्यात घरी करून वाळवून ठेवता येतात. वर्षाचा मसाला मिरच्या वाळवून कुटून घेणे ही प्रथाही अनेक घरांत आहे. गरम मसाला मात्र एका महिन्यापुरताच दळावा; जास्त ठेवल्यास त्याचा सुगंध उडतो.

दुधावरची साय रोज काढून थंड जागी साठवावी, आठवड्याने विरजण लावून घुसळावी आणि लोणी कढवावे. तूप मिळते, ताकाची कढी होते आणि तळाची बेरी साखर घालून मुलांना देता येते. हरभरे, वाटाणे रात्रभर भिजवले तर लवकर शिजतात आणि गॅस वाचतो. हाडांची यखनी काढून त्यात भात किंवा डाळ शिजवता येते. शिळ्या पोळीचा तूप-गुळातला मलिदा होतो, उरलेल्या भाताला फोडणी देता येते. खाली पडलेला घासही त्याला लागलेले काढून खावा, तो शैतानासाठी सोडू नये, अशी प्रेषितांची शिकवण आहे. मग भांडेभर अन्न कचऱ्यात जाणे आपल्याला कसे मान्य व्हावे?

स्वच्छता : काय उपयोगी, काय नाही

घरगुती पर्यायांविषयी पुष्कळ ऐकीव माहिती फिरत असते. तिची पारख केली पाहिजे, कारण निरुपयोगी पर्यायात गेलेला पैसाही व्यर्थच जातो.

नळावर आणि बादलीवर बसलेले पांढरे थर सिरक्याने किंवा लिंबाच्या रसाने निघतात. अर्धा तास ओले ठेवून घासावे. संगमरवरी फरशीवर मात्र हे वापरू नये. आम्लाने तिची झिलई जाते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच किंवा कोकम पुरते. रिठे रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, कुस्करून गाळलेल्या पाण्यात लोकरीचे व रेशमी कपडे चांगले धुतले जातात. फार मळलेल्या सुती कपड्यांना साबणच हवा.

सिरका आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की खूप फेस येतो आणि तो प्रभावी वाटतो. प्रत्यक्षात दोघे एकमेकांचा प्रभाव नाहीसा करतात व बहुतांश खारट पाणीच उरते. ते वेगवेगळे वापरावेत. ब्लीचिंग पावडरमध्ये सिरका, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

पाण्याचीही किफायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात वुजू करीत आणि चार ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे हजरत अनस (रजि.) यांचे कथन आहे. वाहता नळ सोडून वुजू करण्याऐवजी तांब्या घेतला तर ही सुन्नत घरातील लहान मुलालाही समजेल.

जी काटकसर नव्हे

हात आखडता घेण्याची मनाई उधळपट्टीच्या मनाईइतकीच स्पष्ट आहे. हजरत हिंद बिन्त उतबा (रजि.) यांनी पती पुरेसा खर्च देत नाही अशी तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना स्वतःसाठी व मुलांसाठी रास्त गरजेपुरते पतीच्या मालातून घेण्याची मुभा दिली. मुलांचे दूध, आजाऱ्याचे औषध, मुलीची फी यांवर कात्री चालवणाऱ्या कुटुंबप्रमुखाने या हदीसचा विचार करावा. घरच्यांवर खर्च केलेल्या दीनारचे पुण्य सर्वांत मोठे आहे, असेही ‘सहीह मुस्लिम’मधील हदीसमध्ये आले आहे.

तसेच दुसऱ्याच्या हक्कातून केलेली बचत ही बचत नव्हे. घरकामास येणाऱ्या बाईचा पगार थकवणे, डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी अडून बसणे, पाहुणा आला की हात आखडणे, यांना किफायत म्हणता येणार नाही. काळे पडलेले तळणीचे तेल पुनःपुन्हा वापरणेही योग्य नाही. शरीरही अल्लाहची अमानत आहे.

आणखी एका बाबीकडे सहसा दुर्लक्ष होते. मसाला कुटणे, शेवया करणे, साय घुसळणे यांत पैसे वाचतात, पण श्रम कोणाचे लागतात? पुरुषांनी बचतीचा उपदेश करावा आणि तिचे सर्व ओझे घरातील स्त्रीने वाहावे, हे प्रेषितांच्या घरच्या रीतीशी सुसंगत नाही. जे हात आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, त्यांचे अनुकरण करणाऱ्याने लसूण सोलण्यात कमीपणा मानू नये.

वाचलेला पैसा कोठे जावा?

पहिला क्रम कर्जमुक्तीचा. प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. कारण विचारले असता त्यांनी सांगितले की, कर्जात बुडालेला मनुष्य बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा ते मोडतो. आज लग्नकार्यासाठी, आजारपणासाठी किंवा हप्त्याच्या वस्तूंसाठी कुटुंबे व्याजाच्या कर्जात अडकतात. वर्षाला वाचलेले ११ हजार रुपये लहान वाटतील, परंतु अडचणीच्या दिवशी तेच व्याजाच्या दारात जाण्यापासून आपल्याला रोखू शकतात. येथे किफायत ही हरामपासून बचाव करणारी ढाल ठरते.

दुसरा क्रम भविष्याच्या तरतुदीचा. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी तौबा कबूल झाल्याच्या आनंदात सर्व संपत्ती दान करण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा काही भाग स्वतःजवळ ठेवणे अधिक चांगले, असा सल्ला त्यांना मिळाला. साठलेली रक्कम निसाबइतकी झाली (आपल्याकडील प्रचलित हिशेबानुसार साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी) आणि तिच्यावर चांद्रवर्ष लोटले, तर अडीच टक्के जकात देणे विसरू नये.

तिसरा वाटा शेजाऱ्याचा आणि नातेवाइकाचा. हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी उपदेश केला होता की, शोरबा शिजवताना पाणी थोडे अधिक घालावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी. किफायतीची याहून सुंदर व्याख्या क्वचितच सापडेल. मांस तेवढेच, चूलही तीच, केवळ पाणी वाढवले आणि आणखी एका घरात गरम जेवण पोहोचले. मात्र देताना जुनी-फाटकी वस्तू पुढे करू नये. जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती दान करू नका, अशी ताकीद सूरह अल-बकराच्या २६७ व्या आयतीत आहे. जीर्ण साड्यांची गोधडी शिवावी, फाटलेल्या कापडाचे पायपुसणे करावे. सदक्यात नेसण्यायोग्य वस्त्रच द्यावे.

घरच्या बैठकीसाठी

या महिन्यात एका संध्याकाळी मगरिबनंतर सर्व कुटुंबाने एकत्र बसून पुढील प्रश्नांवर विचार करावा :

१. मागील आठवड्यात आपल्या घरातून किती अन्न फेकले गेले आणि का?
२. कोणत्या दोन तयार वस्तू आपण घरी करू शकतो? ते काम कोण-कोण वाटून घेईल?
३. वाचलेल्या रकमेतून या महिन्यात कोणते कर्ज कमी होईल?
४. आपल्या दारापासून सर्वांत जवळच्या कोणत्या घरात यंदा शोरब्याचे भांडे पोहोचेल?

अल्लाह आम्हाला हलाल कमाई, संतुलित खर्च आणि त्यात बरकत प्रदान करो, आमच्या घरांना कर्जाच्या ओझ्यापासून मुक्त ठेवो आणि आमचे हात हजरत जैनब (रजि.) यांच्या हातांप्रमाणे लांब करो. आमीन.